चांदीच्या गल्लीतली राख

माझ्या कामाचा मोठा भाग भांडी घासण्यात जातो. कुणी विचारलं तर मी 'धातूंचं पृथक्करण करते' असं सांगते आणि समोरचा माणूस आदराने विषय बदलतो. प्रत्यक्षात मी बाटल्या, नळ्या आणि बीकर आधी साबणाने धुते, मग आम्लात बुडवून ठेवते, मग डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा विसळते आणि झाकून ठेवते. उरलेल्या वेळात यंत्र चालवते. ज्या भांड्यात नमुना घ्यायचा, त्यालाच आधीचं काही लागलेलं असेल तर पुढचं सगळं फुकट. म्हणून नव्याने आलेल्या माणसाला आम्ही यंत्राला हात लावू देत नाही, आधी विसळायला शिकवतो. बरेचजण तिथेच कंटाळून जातात.

आमची प्रयोगशाळा कोल्हापुरात उद्यमनगरात, एका लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर आहे. खालची यंत्रं सुरू झाली की वरच्या बाटल्या किणकिणतात. मी एम.एस्सी. होऊन इथे आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि घरातसुद्धा मोजकं बोलणारी मुलगी होते मी. माणसांशी फार संबंध येणार नाही म्हणून हे काम धरलं, हे सरांना कधी सांगितलं नाही. सर म्हणजे प्रयोगशाळेचे मालक. त्यांनी फाउंड्रीवाल्यांच्या भरवशावर कर्ज काढून हे यंत्र आणलं होतं.

यंत्र म्हणजे एक लांबट पेटी. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारा डोळा आणि मध्ये ज्योत. नमुन्याचं पाणी ज्योतीत उडवलं की त्यातला धातू दिव्याचा उजेड गिळतो. धातू जितका जास्त, तितका डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड कमी. गंमत अशी की प्रत्येक धातू फक्त स्वतःच्या दिव्याचा उजेड गिळतो. तांब्याला तांब्याचा दिवा, जस्ताला जस्ताचा. असे दिवे कापसात गुंडाळून एका खोक्यात ठेवलेले असतात. मी अजूनही ते दुसऱ्या कुणाला काढू देत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका फाउंड्रीवाल्यांना आपल्या ओतीव मालातलं जस्त 'जरा बघून' लिहून हवं असायचं. शिरोळकडचे एक शेतकरी विहिरीचं पाणी दारूच्या बाटलीत घेऊन आले. ही बाटली चालणार नाही असं मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी बूच काढून बाटली माझ्या नाकाशी धरली.

"तीनदा धुतलीया की मॅडम. वास येतोय काय बघा."

वास येत नव्हता. पण वास न येणाऱ्या गोष्टींचाच आमचा धंदा आहे, हे मला तेव्हा मराठीत सांगता आलं नाही. मी त्यांना नुसती रिकामी बाटली दिली. ते पुन्हा एस.टी.ने गेले आणि दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन आले.

रक्ताचे नमुने वर्षातून एकदाच यायचे, औद्योगिक वसाहतीतल्या बॅटरीच्या कारखान्यातून. शिशाशी काम करणाऱ्यांच्या रक्तात शिसं किती गेलं, ते बघावं लागतं. तेवढ्यासाठी सरांनी यंत्राला एक छोटी विजेवरची भट्टी जोडून घेतली होती. हे शहरातल्या लहान मुलांच्या एका डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं, आणि त्यांचा फोन आला. चार वर्षांच्या मुलीचं रक्त तपासाल का?

मुलीचं नाव ऋतुजा म्हणू. इथली सगळी नावं मी बदलली आहेत. गावाचं नाव लिहीत नाही, पण पैंजण आणि चांदीकाम म्हटलं की जिल्ह्यात कुणालाही ते कळेल. ऋतुजाचं पोट सारखं दुखायचं. जंतांचं औषध झालं, काविळीचं झालं, अंगावरून लिंबू उतरवून झालं. ती पांढरी पडत चालली होती आणि येत असलेले शब्द विसरत होती. डॉक्टरांना गावावरून शंका आली. चांदीच्या कामात डाख देतात, म्हणजे सांधे जोडतात, आणि चांदी शुद्ध करायला शिसं वापरतात, हे त्यांना माहीत होतं.

रक्त बॅटरीच्या कारखान्यातल्या माणसाचं असावं असं निघालं. मी बाटल्या बदलून पुन्हा केलं. तेच आलं.

डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. शिसं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध असतं, ते दिलं. आकडा उतरला, मुलगी घरी गेली. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा आलं आणि आकडा पुन्हा चढला होता. मी तो डॉक्टरांना फोनवर सांगितला.

"घरातच कुठंतरी आहे," ते म्हणाले. "मी किती वेळा उपसणार? पोटाचं सोडा, पोटदुखी जाते. या वयात ते मेंदूत बसतं. ते कुठून येतंय हे सापडलं नाही तर ही मुलगी हातची जाणार."

त्यांनी आईला विचारलं होतं. मुलगी माती खाते का, भिंतीचा पोपडा काढून खाते का, घरात डाख देता का. तिन्हीला उत्तर नाही होतं. घरी फक्त पैंजणांना घुंगरू अडकवायचं काम चालायचं, आगीचं काहीच नव्हतं. कुणीतरी जाऊन घरातलं एकेक घेऊन यायला हवं होतं. सरांना मणक्याचा त्रास होता आणि प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. म्हणून बाटल्यांची पिशवी घेऊन मी एस.टी.त बसले.

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका चिमट्याने घुंगरू अडकवत बसल्या होत्या आणि सगळ्या गल्लीत बारीक छुमछुम चालू होती. मी कुणाची कोण, ही चौकशी मी ऋतुजाच्या घरी पोचायच्या आधीच पुरी झाली होती. ऋतुजाची आई सुनंदा माझ्याच वयाची होती. सासू पायरीवर बसलेली, तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची.

"या पावणं," आक्का म्हणाली. "रगात न्हेलं, आता काय भिंती न्हेणार?"

मी भिंतीचा रंग खरवडला. नळाचं पाणी, चुलीजवळची माती, कुंकू, काजळ, मुलीची खेळणी, घुंगरांच्या डब्यातली धूळ, सगळं घेतलं. आक्काने ऋतुजाची पेन्सिलही पुढे केली. शिसपेन्सिल चघळते, तेच असणार असं तिचं म्हणणं होतं. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ते ग्राफाइट असतं, असं मी सांगितलं. आक्काने सुनेकडे पाहिलं. "शिकल्याल्या हाईत," ती म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

नेलेल्या कशातच फारसं काही सापडलं नाही. धुळीत थोडं होतं, कुंकवात थोडं होतं. एवढ्याने हा आकडा येत नव्हता. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा काय घ्यायचं तेच कळत नव्हतं. सुनंदा चहा टाकणार होती, त्याआधी तिला भांडी घासायची होती, म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहिले.

घासणारीकडे मी बघतेच. ती सवय आहे. सुनंदा चांगलं घासत होती. नारळाच्या शेंडीने, कडेपासून बुडापर्यंत, एका दिशेने. मोरीजवळ पत्र्याच्या डब्यात राख होती. चुलीच्या राखेसारखी ती पांढुरकी नव्हती, पिवळसर झाक असलेली होती. पितळी तांब्या तिने दोनदा फिरवला आणि तो लखलखला. ऋतुजा शेजारी उकिडवी बसली होती. तिने बोट पाण्यात बुडवलं, डब्यात बुडवलं आणि तोंडात घातलं. मग पुन्हा. सुनंदाने तिच्या हातावर हलकी चापट मारली, गुळाच्या डब्यात हात घातल्यावर मारतात तशी, आणि घासत राहिली.

मी विचारलं, ती हे नेहमी खाते का.

"खातीया थोडी. ग्वाड लागती म्हणं," सुनंदा म्हणाली. माझा चेहरा बघून तिचे हात थांबले. "डाक्टरनी माती इचारली. माती न्हाई खात ती. माती खाल्ली तर मारतो मी तिला. ही राख हाय. राख काय घाण हाय व्हय?"

आमच्याकडे बायकाही 'मी मारतो', 'मी जातो' असंच बोलतात. शाळेत मला ते बोलू दिलं नव्हतं. सुनंदा खोटं बोललेली नव्हती. जिने घरातली सगळी भांडी स्वच्छ होतात ती वस्तू घाण कशी असेल? आणि डॉक्टरांना किंवा मला राखेबद्दल विचारायचं सुचलं नव्हतं. आमच्या दोघांच्या घरी साबणाची पावडर होती.

मी डबा उचलला. राखेचा डबा एवढा जड नसतो.

राख गल्लीच्या टोकाला शंकरअण्णांच्या आटणीतून येत होती. आटणी म्हणजे चांदी वितळवायची जागा. जुनी किंवा भेसळीची चांदी शुद्ध करायची पद्धत अशी की जमिनीत खळगा करून त्यात राखेचं आळं दाबून बसवायचं, त्यावर चांदी आणि शिसं एकत्र वितळवायचं आणि भात्याने वारा घालत राहायचं. शिसं तांब्यासारखी सगळी भेसळ स्वतःत ओढून घेतं आणि राखेत मुरतं. शेवटी वरची धुरकट साय फाटते आणि खाली नुसती चांदी चमकून उठते. मी ते एकदा पाहिलं आहे. इतकी सुंदर रसायनक्रिया मी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिली नाही. मुरलेल्या आळ्याचा कडक तुकडा शिसं परत काढायला विकला जायचा. आजूबाजूची सुटी राख उरायची, ती अण्णा चाळून गल्लीला फुकट द्यायचे. पितळ त्या राखेने जसं निघायचं तसं दुसऱ्या कशानेच नाही. दिवाळीच्या आधी त्यांच्या दारात डबे घेऊन बायकांची रांग लागायची. बाहेरच्या गल्लीतल्या बायकांना मिळायची नाही.

त्या राखेचं पाणी यंत्रात घातलं तेव्हा शिशाच्या दिव्याचा उजेड पलीकडे पोचलाच नाही. मी पातळ केलं, पुन्हा पातळ केलं. नमुना मोजण्याजोगा व्हायला ती सगळी दुपार गेली.

डॉक्टरांनी सरकारी खात्याला कळवलं. पथक आलं, त्याने गल्लीतल्या नळांचं पाणी तपासायला नेलं, पाणी निर्दोष निघालं. पाण्यात दोष आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. गावात बोलाचाली झाली. शहरातली बाई येऊन चांदीच्या धंद्याला नावं ठेवते, उद्या गिऱ्हाईक माल परत पाठवेल. एवढी वर्षं घासतोय, राखेने कोण मेलं ते दाखवा. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा ओट्यांवरची छुमछुम मी पुढे जाईपर्यंत थांबायची. मला ते सोपं गेलं नाही, पण मी तशीही कुणाशी बोलणार नव्हते.

मग एक दिवस शंकरअण्णा स्वतःच माडी चढून आले. सत्तरीच्या पुढचे, उंच, स्वच्छ टोपी. धोतराच्या सोग्यात राखेची पुरचुंडी होती.

"माझ्यासमोर करा," ते म्हणाले.

मी केलं. प्रत्येक पायरी सांगत गेले, कारण ते भट्टीवरचे माणूस होते आणि त्यांना समजत होतं. दिवा का वेगळा लागतो हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आधी मी नुसतं पाणी उडवलं, काटा जागचा हलला नाही. मग सरांच्या घरच्या चुलीतली राख, किंचित हलला. मग त्यांची. काटा टोकाला जाऊन थडकला. ते स्टुलावर बसून काट्याकडे बघत राहिले. सरांनी चहा मागवला. अण्णांनी कप दोन्ही हातांनी उचलला. त्यांचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता.

"आमच्या आईपास्नं देतोय ही राख," ते म्हणाले. "कवा पैसा घेतला न्हाई कुणाकडनं." थोड्या वेळाने म्हणाले, "पोरगी जगंल न्हवं?"

जगेल, मी म्हणाले. राख बंद झाली तर.

"बंद झाली."

त्यांचं रक्त घेऊ का, असं मी विचारलं. अंगात शिसं मुरलं की पंजा असा लोंबतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते किंचित हसले. "माझं कशाला? मला काय शाळंत घालायचं हाय?"

राख बंद झाली, पण प्रश्न सुटला नाही. घरोघर डबे भरलेले होते. बायका म्हणाल्या, अण्णा म्हातारपणी चिक्कू झाला, आता राख विकायला काढणार. ऋतुजाला डॉक्टरांनी पुन्हा औषध दिलं, आकडा उतरला, आणि पुढच्या खेपेला थोडासा पुन्हा वर. आक्काने एक डबा माळ्यावर ठेवला होता, देवाची भांडी घासायला. देवाच्या भांड्यांना साबण तिला चालत नव्हता. पोरीला हात लावू देत नाही मी, असं तिने मला ठणकावून सांगितलं. ऋतुजाला शिडी चढता येत होती.

हे अण्णांना मीच कळवलं. पुढचं मी पाहिलं नाही, सुनंदाने नंतर सांगितलं. अण्णा हातगाडी घेऊन गल्लीच्या तोंडापासून निघाले आणि प्रत्येक दारात थांबून दिलेली राख परत मागू लागले. त्यांची चांदी कुणी बुडवली तरी त्याच्या दारात न जाणारा हा माणूस. पहिल्या दोन घरांनी डबा नाही म्हणून सांगितलं. ते तिथेच उभे राहिले. घरची बाई आत जाऊन डबा आणेपर्यंत ते उभेच राहायचे, बोलायचे नाहीत. कुणी हसलं, कुणी दार लावून घेतलं. एका सुनेने डबा त्यांच्या गाडीत पालथा करताना म्हटलं, "घ्या. तुमची राख तुमास्नीच लागू दे." त्यांनी डबा झटकून तिला परत दिला आणि पाण्याने धुवून घे म्हणाले.

आक्काचं घर शेवटचं. ती डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती.

"दिल्यालं माघारी मागाय आलाईस व्हय रं शंकर?" तिने विचारलं.

"व्हय आक्का," अण्णा म्हणाले. "इख हुतं त्यात. मला म्हाईत न्हवतं. दे."

आक्काने दिलं. ती राख अण्णांनी आटणीमागच्या खड्ड्यात घालून वर सिमेंट ओतलं. डॉक्टरांनी नंतर गल्लीतल्या इतर मुलांचं रक्त घेतलं, तेव्हा बायकांनी मुलं दाखवायला आणली. कितीजणांचा आकडा चढलेला निघाला ते लिहीत नाही. नुसता एक आकडा वाचून लोकांना एकतर भीती वाटते किंवा काहीच वाटत नाही. ऋतुजाएवढा कुणाचाच नव्हता. बाकीच्यांच्या तोंडात राख गेली ती नीट न विसळलेल्या भांड्यातून आणि हातांवरून.

पुढे पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. गावातली आटणीची जुनी पद्धतही बरीच मागे पडली. अण्णांचे मुलगे दुसऱ्या धंद्यात गेले आणि अण्णाही गेले. आमच्याकडे नवीन यंत्र आलं, त्याला काटा नाही, आकडे पडद्यावर येतात. ऋतुजाचं रक्त वर्षातून एकदा येत राहिलं. आधी डॉक्टरांच्या माणसाबरोबर यायचं, मग सुनंदा स्वतः घेऊन येऊ लागली. आकडा दर वर्षी खाली येत गेला. मला या कामाचा अभिमान कशाचा असेल तर त्या उतरत्या रेघेचा. ती मी एका कागदावर काढली होती आणि दर वर्षी सुनंदाला दाखवायचे.

गेल्या वर्षी ती दोन्ही मुलांना घेऊन आली. ऋतुजा आता आईच्या उंचीची झाली आहे. धाकटा भाऊ राख बंद झाल्यानंतरचा, तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. बाकावर बसून तो भिंतीवरचा धातूंचा तक्ता मोठ्याने वाचत होता. ऋतुजा त्याच्या बोटाकडे बघत होती. एका ठिकाणी थांबून त्याने तिला विचारलं, हे काय आहे सांग. तिने बराच वेळ बघितलं आणि हसून मान हलवली. त्यानेच सांगितलं. अशी त्यांची सवय असावी, कारण दोघांनाही त्यात काही वाटलं नाही.

आकडा अगदी खाली आला होता, कुठल्याही मुलाचा असावा तेवढा. मी कागदावरची रेघ पुढे वाढवली आणि सुनंदापुढे ठेवली. तिने तिकडे पाहिलं नाही.

"ही सातवीत दोनदा बसली," ती म्हणाली. "पाडे सांजंला पाठ करती, सकाळी न्हाईत. डाक्टर म्हणत्यात आता समदं चांगलं हाय. तुमी मशीनवाल्या. तुमी खरं सांगा. रगातातलं गेलं, मग हिचं डोकं का चालंना? ही अशीच ऱ्हाणार काय?"

अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला शिकवलेलं नाही. डॉक्टर असते तर त्यांनी वाक्य मऊ केलं असतं. मुलं ऐकत नाहीत ना, एवढं मी बघून घेतलं.

"रक्तातलं शिसं गेलं," मी म्हणाले. "पण लहानपणी त्याने जे केलं, ते परत भरून येत नाही. ती आळशी नाही. तिचं लक्ष नाही असंही नाही. तिच्याकडून होत नाही."

सुनंदा कागदाकडे बघत राहिली. खाली लेथ सुरू झालं, बाटल्या वाजल्या, थांबल्या.

"बरं झालं सांगितलासा," ती म्हणाली. "अभ्यासावरनं मारत हुतो मी तिला."